केरबाअण्णांच्या गाडीचं चाक

मला मोटारसायकलीतलं काही कळत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त मला ठाऊक नव्हतं. ते कळायला यंदाची दिवाळी उजाडावी लागली आणि त्यापायी एक पीयूसीवाला, घरच्या चकल्या आणि माझी उरलीसुरली अब्रू एवढं सगळं खर्ची पडलं.

गाडी माझ्या नावावर आहे, पण मुळात ती शेजारच्या केरबाअण्णांची. काळी, टू-स्ट्रोक, आता स्पेअर पार्टवाले जिचं नाव ऐकलं की पाणी प्यायला देतात अशी. माझ्या लहानपणी अण्णा या गाडीवरून दुधाचा रतीब घालायचे. पहाटे कोपऱ्यावरून आवाज यायचा. डग... डग... डग... इतका सावकाश, की आता बंद पडते की काय असं वाटावं. पण पडायची नाही. तो आवाज ऐकला की आमची आई पातेलं घेऊन दारात येऊन उभी राहायची. अण्णा पुढे, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या आणि मागे झुंबरबाई, म्हणजे अण्णांच्या मंडळी, नऊवारीचा काष्टा आवळून, दोन हात दोन किटल्यांच्या झाकणांवर ठेवून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फुटकी गटार होती. तिथं गाडी आली की झुंबरबाई मागून ओरडायच्या, "दमानं! दूध सांडंल!" रोज. आम्ही पोरं अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्याबरोबर ओरडायचो. अलार्म असा वेगळा कुणाच्याच घरी नव्हता.

पुढे पिशवीचं दूध आलं, अण्णांचे गुडघे गेले आणि मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. अण्णांनी एक दिवस गाडी पुसून माझ्या दारात आणून लावली. "तू आता सायेब झालास. हापिसला जायाला बरी हाय. पर एक ध्यानात ठेव, पाडव्याला माझी म्हस हिच्याच मागनं पळणार."

परगावच्या पावण्यांसाठी सांगतो. आमच्या कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, गळ्यात घुंगरांचा पट्टा, कपाळावर मोरपीस. मग मालक मोटारसायकलवर बसून पुढे जातो आणि म्हैस मोकळी, बिनदाव्याची, त्या गाडीच्या आवाजामागे पळत येते. शंभर गाड्या कोकलत असल्या तरी ती आपल्याच गाडीमागे येते. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. आम्हाला मागे न येणारी म्हैस खोटी वाटते.

तर वर्षातले बाकीचे सगळे दिवस मी साधा गुरुप्रसाद हुपरीकर, रिटायर्ड. पण पाडव्याच्या दिवशी अण्णांची म्हैस माझ्यामागे पळायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. सध्याची म्हैस चंद्री. अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हापासून झुंबरबाई गोठ्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असतात. कुठल्या गाडीवर बसत नाहीत. दवाखान्यात जायचं तरी चालत. बोलणंही कमी झालंय. फक्त चंद्रीची भुशाची वेळ झाली की उठतात, भुशाच्या पिपावर घुशी चढू नयेत म्हणून ठेवलेलं जाडजूड लोखंडी कडं दोन्ही हातांनी बाजूला सारतात, पाटी भरतात आणि चंद्रीच्या कानाशी काहीतरी पुटपुटतात. तेवढंच त्यांचं दिवसाचं बोलणं.

यंदा दसरा झाला आणि त्यांचा मुलगा बाळासो माझ्याकडे आला. बाळासो आणि मी एका बाकावर बसलेलो, त्यामुळं तो मला सायेब वगैरे म्हणत नाही.

"गुऱ्या, गोठा हलवायला लागतोय. लोकांनी वासाची तक्रार केलीया. हातकणंगल्याला मेव्हण्याच्या रानात जागा हाय. दिवाळी झाली की निघायचं. आई बी तिकडंच."

तक्रार करणाऱ्यांत दोन घरं अशी होती जी चंद्रीच्या दुधाचा चहा पिऊन तक्रारीवर सही करायला गेली होती. असो.

"आई काय म्हणती?" मी विचारलं.

"म्हणती, न्या कुठं बी. पर चंद्रीला एकडाव आण्णांच्या गाडीमागनं पळताना बघू द्या. मग कायबी मागणार न्हाय." बाळासोनं नाक ओढलं. "येवढा पाडवा नीट झाला पायजे मर्दा. गाडी सांभाळ."

"काळजीच करू नकोस," मी म्हणालो. हे वाक्य बोललो आणि त्याच आठवड्यात गाडी खोलली.

झालं असं की कळंब्याच्या बाजूला एका माळावर डर्ट रेस भरणार असल्याचा फलक लागला. चिखल, उंचवटे, उड्या. आणि त्यात खाली बारीक अक्षरात, 'जुन्या गाड्या, ज्येष्ठ चालक : स्वतंत्र गट'. आता 'ज्येष्ठ' हा शब्द मला बँकेच्या रांगेत आवडतो, एरवी नाही. पण त्या दिवशी तो वाचून छाती फुगली. रिटायर झाल्यापासून घरात माझं काम म्हणजे कोथिंबीर निवडणं. वाटलं, पाडव्याला म्हैस पळवून शिट्ट्या मिळतात, इथं चषक मिळेल.

आमची ही, म्हणजे मीनाक्षी, म्हणाली, "तुम्हाला सोफ्यावरून उठताना टेकू लागतो."

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून यशराजच्या गॅरेजला गेलो. यशराज हा आमच्या भागातला मेकॅनिक. त्याचं निम्मं ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओंतलं आणि उरलेलं निम्मं आत्मविश्वासातलं. त्यानं गाडीचा कान, म्हणजे अ‍ॅक्सिलेटर, पिळला, डोळे मिटले आणि निदान केलं.

"काका, चाक जड हाय."

"मागचं?"

"न्हाय ओ, इंजनातलं. फ्लायव्हील." त्यानं झाकण काढून ते दाखवलं. इंजिनाच्या पोटाशी एक लोखंडी चाक इंजिनाबरोबर गरगरत असतं. "तुम्ही अ‍ॅक्सिलेटर दिला की इंजन आधी ह्या धोंड्याला फिरवतंय, मग तुम्हाला. हे हलकं करा, गाडी अशी उठंल की नाद खुळा!"

मला ते पटलं. कुणीतरी आपलं वजन उगाच ओढतोय ही कल्पना सरकारी नोकरी केलेल्या माणसाला लगेच पटते.

ही बातमी गल्लीत पसरायला चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला. कट्ट्यावर दोन तट पडले. बाळासो जड चाकाचा. "चिखलात जडच पायजे. जड चाक इंजनाला धरून ठेवतंय, दम देतंय. हलकं चाक म्हंजी नुसता थयथयाट." पलीकडचे निवृत्त हेडमास्तर हलक्या चाकाचे. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही, पण त्यांनी गतीचे नियम सांगितले आणि ते ऐकून दोन माणसं उठून गेली. मीनाक्षीनं दारातूनच सांगितलं, "हलकंच करायचं तर आधी पोट करा."

पण माझं ठरलं होतं. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे चाक नेलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्या तोंडावर हे आटे कशाचे? काय बसायचं का हिथं?"

चाकाच्या दर्शनी बाजूला खरंच गोलाकार रिकामी भोकं होती, आत आटे पाडलेले. मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "कंपनीचेच असणार." आणि त्यानं काठावरचं लोखंड सोलायला सुरुवात केली. चकचकीत कीस खाली पडत होता. मी तो कौतुकानं बघत उभा होतो. माझं चाक बारीक होत होतं आणि मला तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

गाडी जोडली, किक मारली, आणि काय सांगू! पूर्वी डग-डग करणारी गाडी कानाखाली वाजवल्यासारखी केकाटली. कान पिळायचा अवकाश, आवाज आभाळाला. मी हरखलो. पण कान सोडला की गाडी फुस्स करून बंद. पुन्हा किक. पिळलं की उधळायची, सोडलं की मरायची. मधलं काही तिला येईनासं झालं. यशराज म्हणाला, "रेसिंग गाड्या अशाच असत्यात काका." मीही मान डोलावली.

त्याच संध्याकाळी मीनाक्षीला घेऊन चकलीची भाजणी दळायला गिरणीत गेलो. जाताना ती कशीबशी बसली. येताना तिच्या मांडीवर गरम पिठाचा डबा होता आणि आम्ही स्पीडब्रेकरवर आलो. पूर्वी ही गाडी स्पीडब्रेकरवरून म्हातारीसारखी पायरी उतरून जायची. आता मी हळू केली तर बंद पडली. किक मारून जरा पिळली तर पुढचं चाक उचललं. मी हँडलला लोंबकळलो, मीनाक्षी माझ्या शर्टाला आणि डब्याचं झाकण कशालाच नाही. पीठ मीनाक्षीवर, माझ्यावर आणि चौकात उभ्या असलेल्या पोलीस हवालदारावर समप्रमाणात बसलं. हवालदारानं मिशी झटकली, बोट चाटलं आणि म्हणाला, "वहिनी, धनं जरा जास्त पडलंय."

मीनाक्षी रिक्षानं घरी गेली. यंदा आमच्याकडे चकली झाली नाही. हे वाक्य आमच्या घरात अजून रोज उच्चारलं जातं.

रेसच्या आयोजकांनी आणखी एक पाचर मारून ठेवली होती. गाडीची सगळी कागदपत्रं पाहिजेत, पीयूसीसकट. माळावर धुरळा उडवायची स्पर्धा आणि धुराचा दाखला! पण मी सरकारी माणूस, दाखला म्हटलं की रांगेत उभा राहणारच. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. गाडी बंद. पुन्हा किक, पुन्हा नळी, पुन्हा बंद.

"काका, चालू ठेवा की."

"मी चालूच ठेवतोय, ती राहत नाही."

"बंद गाडीचा धूर शून्य दाखवतोय. शून्य कॉम्प्युटर घेत न्हाय."

"शून्य म्हणजे उत्तमच की!"

"तसं न्हाय. थोडा तरी पायजे."

मी कान पिळला. नळीतून एवढा धूर गेला की पीयूसीवाला तीन पावलं मागं सरला. "आता फेल दाखवतोय." शून्य आणि फेल यांच्यामधल्या जागेत माझी गाडी थांबायलाच तयार नव्हती. मागं रांग लागली. सगळे खाली उतरले आणि सल्ले द्यायला लागले. चोक ओढा. पेट्रोल बदला. गाडी बदला. शेवटी एका पावण्यानं, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून कान असा अधांतरी धरला की दाखला निघाला. त्या दाखल्यावर माझ्या गाडीच्या नंबरप्लेटसोबत त्या पावण्याचा अर्धा चेहरा आलाय. तो आयोजकांनी चालवून घेतला.

रेसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तीच थोडक्यात झाली. आदल्या दिवशी टँकरनं पाणी मारून चिखल केला होता. झेंडा पडला, मी कान पिळला, इंजिन किंचाळलं आणि मागचं चाक होतं तिथंच फिरायला लागलं. हलकं चाक चिखलात जोर लावत नाही, नुसतं उसळतं. टायर जागच्या जागी खड्डा खणतो. मी जोर करावा तसा आत जात होतो. थांबलो तर बंद. इतर ज्येष्ठ लोक जड जुन्या गाड्यांवरून डुलत डुलत, बैलगाडीतून बाजाराला निघाल्यासारखे माझ्या शेजारून गेले. एकानं तर जाताना नमस्कार केला. आणि तो माईकवाला! "हुपरीकर काका अजून जाग्यावरच हायत! काका गाडी चालवत न्हाईत, काका किक मारत्यात!" लोकांनी टाळ्यांवर ताल धरला. मी किक मारली की टाळी, मारली की टाळी. जुन्या गाड्यांच्या गटात मी पहिला आलो, पण उलट्या बाजूनं. मिसळ वाटपाच्या वेळी माझ्या वाट्याला नुसता कट, म्हणजे रस्सा, आला, तोही चिखलात उभं राहून प्यायलो.

इथवर माझ्या अब्रूचा प्रश्न होता. अब्रूचं काय, ती वाळत घातली की दोन दिवसांत परत घालता येते. पण घरी आलो तर बाळासो गोठ्याच्या दारात उभा. "आण गाडी. चंद्रीला जरा सराव देऊ."

मी किक मारली. गाडी केकाटली. चंद्रीनं कान हलवले, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश पाठ फिरवली. मी पुढे गेलो, मागे आलो, पिळली, बंद पडली, पुन्हा पिळली. चंद्रीनं माझ्या दिशेला शेण टाकलं. बाळासोचा चेहरा पडला. आणि खुर्चीतून झुंबरबाईंनी विचारलं, "ही कुणाची गाडी रं?"

"अण्णांचीच की मावशी."

त्यांनी थोडा वेळ कान दिला. मग मान हलवली. "न्हाय. ही आमची न्हवं."

मला त्या वेळी जे वाटलं ते सांगायला लाज कसली? रडू आलं. माईकवाल्यानं काय काय म्हटलं त्याचं काही नाही, पण हे लागलं. एक म्हातारी आयुष्यात एकच गोष्ट मागते आणि ती मी उद्यमनगरात लेथखाली किसून आलो होतो.

मग सुरू झाली पळापळ. यशराज म्हणाला, "चाक परत जड करायचं तर वरनं वजनाचं कडं बसवायला लागतंय. पर अशा गाडीचं आता मिळत न्हाय, करून घ्यायला लागंल." लेथवाला दिवाळीला गावी. फाउंड्र्याही दिवाळीच्या सुट्टीनं बंद. हेडमास्तर म्हणाले चाकाला शिसं ओतून बघा. मीनाक्षी म्हणाली, "चकलीचा सोऱ्या बांधा, नाहीतरी रिकामाच आहे."

पाडव्याची सकाळ उजाडली. बाळासो चंद्रीची शिंगं रंगवत होता, मी उकिडवा बसून त्या उघड्या चाकाकडे बघत होतो. झुंबरबाई उठल्या, भुशाच्या पिपाकडे गेल्या, लोखंडी कडं ओढून बाजूला सारलं. ते फरशीवर घरंगळत माझ्या पायाशी येऊन आडवं पडलं. मी ते सहज उचलून बाजूला ठेवायला गेलो आणि माझा हात थांबला. कड्याला गोलाकार भोकं होती.

"बाळ्या," मी म्हणालो, "हे कसलं कडं?"

"झाकणावरचं."

"ते माहीत आहे रे मला. आधी कसलं?"

बाळासोनं ब्रश खाली ठेवला. आम्ही कडं चाकावर टेकवलं. भोकाला भोक. अण्णांनी दुधाच्या दिवसांत वजनासाठी बसवलं असणार, म्हणजे किटल्या लादलेली गाडी चिखलातनं, गटारीवरनं हिसका न देता यावी. आणि मला गाडी देताना, सायेबाला ओझं कशाला, म्हणून काढून ठेवलं असणार. बाळासो नुसता "आयला आण्णा... आयला आण्णा..." म्हणत स्क्रू आवळत होता. इंजिनाचं झाकणसुद्धा बरोब्बर बसलं.

म्हशी पळवायच्या माळावर ही गर्दी. हलगी, गुलाल, सायलेन्सर काढलेल्या गाड्या, रंगीत शिंगं. झुंबरबाईंची खुर्ची बाळासोनं रिक्षात टाकून आणली, त्या स्वतः चालत आल्या. आमची पाळी आली. मी किक मारली.

डग... डग... डग...

मी कान सोडला तरी ती बंद पडेना. पिळलं तरी उधळेना, आपल्या तालात वर चढली, आपल्या तालात खाली आली. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत ते जड चाक इंजिनाला हाताला धरून नेत होतं. मला आईचं पातेलं दिसलं, खरंच दिसलं. मी मागं वळून बघितलं.

चंद्री जागची हलली नव्हती. तिचंही बरोबर होतं. तिला माहीत होती ती माझी ऑफिसची गाडी, मधल्या वजनाची. हा आवाज तिच्या जन्माआधीचा. लोक हसायला लागले. "काका, म्हस बदला!" मी एक फेरी मारली, दुसरी मारली. चंद्री गवत हुंगत उभी. बाळासो हात जोडून तिला सांगत होता, "चल की गं बाई, आजचा दिस चल की." हलगीवाल्यानंसुद्धा हात आखडला.

आणि मग ती खुर्ची रिकामी दिसली.

झुंबरबाई गर्दीतून सरळ माझ्याकडे येत होत्या. कुणाचा हात धरला नाही. येता येता त्यांनी काष्टा आवळला. माझ्या गाडीशी आल्या, टाकीवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. गाडीची थरथर त्यांच्या बांगड्यांत वाजत होती. मग त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, पाय टाकला आणि मागं बसल्या.

"आई!" बाळासो ओरडला.

मी भीत भीत क्लच सोडला. मागं ऐंशीच्या घरातली बाई, समोर माळ, खड्डे, ढेकळं. एक हिसका बसला असता तर संपलं होतं. पण गाडी निघाली ती लोण्यातून सुरी निघावी तशी. थोडं पुढं गेलो असेन, तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. लोकांचा एकच कल्ला उठला. मी आरशात बघितलं. चंद्री शेपूट वर करून, मोरपीस नाचवत झुंबरबाईंच्या मागे पळत येत होती. तिला गाडीशी काय देणंघेणं? रोज पाटी भरणारी, कानाशी बोलणारी बाई निघाली होती, ती जाईल तिकडं तिला जायचं होतं. शिट्ट्या, गुलाल, हलगी, बाळासो मधोमध उभा राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत नाचत होता. मीनाक्षी पदर खोचून शिट्टी मारत होती. तिला शिट्टी येते हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं.

माळाच्या टोकाला पाण्याची एक चारी आडवी आली. मी ब्रेक लावायला बोट उचललं, एवढ्यात माझ्या दोन्ही बाजूंना दोन हात पसरले गेले, खाली, जिथं किटल्या असायच्या तिथं. आणि कानामागून तो आवाज आला, जसाच्या तसा, सगळ्या गल्लीला उठवणारा.

"दमानं! दूध सांडंल!"

मी दमानं घेतली. गाडी चारीत उतरली, चढली, डग... डग... करत पुढं निघाली. आणि खरं सांगतो, एक थेंबसुद्धा सांडला नसता.